सात वर्षांची शेळी: जुन्या जीटीओचं टनेल कापू की नको?

नोव्हीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलोय म्हणून लिहितोय.

डेट्रॉइटजवळ नोव्हीला राहतो. २०१७ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, एका शेतकऱ्याच्या कोठारातून १९६७ ची पॉन्टियाक जीटीओ ट्रेलरवर घालून घरी आणली. अकरा हजार डॉलर. बायकोची समजूत होती की मी स्नो ब्लोअर बघायला गेलोय. इकडे जीटीओला लाडाने 'गोट' म्हणतात. आईला फोनवर हे सांगितलं आणि तेव्हापासून आमच्याकडे तिचं नाव शेळी. "शेळीचं कुठवर आलं?" हा दर रविवारचा प्रश्न.

सात वर्षांत झालेलं काम: डिकीचा तळ आणि मागचे दोन्ही क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे) सडले होते, ते कापून नवे पत्रे जोडले. पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. वायरिंग सगळं नवं. इंजिन दोनदा उतरवलं, दोनदा चढवलं (दुसऱ्यांदा का, ते विचारू नका). रंग मागच्या वर्षी झाला. आता घोडं अडलंय ते गिअरबॉक्सवर.

गाडीत चार गिअरचा म्युन्सी गिअरबॉक्स आहे, वर हर्स्टचा शिफ्टर (गिअरचा दांडा). त्याबद्दल तक्रार नाही. पण मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा जोड) ३.५५ चा आणि चौथा गिअर सरळ एकास एक, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेतीन फेरे, त्यामुळे हायवेला ताशी ७० मैलांवर इंजिन मिनिटाला ३१०० फेऱ्यांच्या वर ओरडत असतं. म्हणून २०१९ ला सेलमध्ये ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा टीकेओ गिअरबॉक्स घेऊन ठेवला. त्याचा पाचवा ०.६४ चा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन २००० च्या आसपास येईल. पाच वर्षं खोक्यात पडून होता. गेल्या महिन्यात खालून जॅकने उचलून धरला, तर वरचं झाकण टनेलला टेकतंय. म्हणजे दोन सीटांच्या मधला तो फुगीर पत्रा कापायचा आणि वर उंचवटा जोडायचा. भोक साधारण भाकरीच्या तव्याएवढं.

आता गंमत अशी की या गाडीत जो थोडाफार मूळचा पत्रा शिल्लक आहे, त्यात हा आहे. खडूने रेघ मारली. ग्राइंडर हातात घेतला आणि परत ठेवला. तीन शनिवार हेच चाललंय. कापू की नको?

कुंपणावरचा

पहिला! कापा. (मला यातलं काही कळत नाही, पण रेघ मारलीच आहे म्हणून.)

ॲरिझोनावासी

मूळ चूक गिअरबॉक्सची नाही हो, कोठाराची आहे. मिशिगनमध्ये पन्नास हिवाळे रस्त्यावरचं मीठ खाल्लेली गाडी घ्यायचीच कशाला? आमच्याकडे वाळवंटातल्या गाड्यांचा रंग उडतो, डॅशबोर्डला भेगा पडतात, सीटा पापडासारख्या होतात, पण पत्रा शाबूत राहतो. सीट दोन दिवसांत बदलता येते. पत्र्याला दोन वर्षं जातात.

नोव्हीकर

@ॲरिझोनावासी, दोन नाही, साडेतीन. विकत घेताना लोहचुंबक घेऊन गेलो होतो. दारांना चिकटला, बॉनेटला चिकटला. मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावला तर गळून खाली पडला. आत लांबीच लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), काही ठिकाणी बोटभर जाड. खरवडली तर खाली पत्र्याऐवजी जाळी. यात मीठ एकटंच दोषी नाही. या गाड्यांच्या मागच्या काचेखालच्या पन्हळीत पाणी साठतं, तिथून ते डिकीत झिरपतं आणि तळ खायला लागतं. वरून काचेची क्रोमची पट्टी चकचकीत, म्हणून कुणी बघत नाही.

पेठी_पाना

पुण्यात नाना पेठेत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. अमेरिकन गाडी आयुष्यात दोनदा उघडली असेल, तरी विचारतो. गाडी खरंच जीटीओ आहे की साध्या मॉडेलला बिल्ले लावलेत? आमच्याकडे बिल्ल्यांचा धंदा जोरात असतो. आणि इंजिन मूळचं आहे का? ते नसेल तर टनेलचं एवढं सोवळं कशाला?

नोव्हीकर

@पेठी_पाना, नेमकं दुखऱ्या दाताला बोट लावलंत.

गाडी खरी आहे. पट्टीवरचा नंबर २४२१७ ने सुरू होतो. २४२ म्हणजे जीटीओ, १७ म्हणजे हार्डटॉप कूपे, पुढचा ७ हा सालाचा आणि त्यानंतरचा पी म्हणजे पॉन्टियाक गावचा कारखाना. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जन्मलेली गाडी. १९६६ पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झालं म्हणून नंबरावरून कळतं. ६४-६५ ला ते लमाँस या पॉन्टियाकच्याच मॉडेलवरचं ऑप्शन पॅकेज होतं, नंबर साध्या लमाँससारखाच (६५ च्या गाड्यांचा २३७ ने सुरू होतो) आणि तिथे तुमचा बिल्ल्यांचा धंदा इकडेही चालतो.

इंजिनाचं मात्र सुतक. विकणारा म्हणाला होता, "ओरिजिनल ४००, कधी उघडलेलं नाही." (४०० म्हणजे इंजिनाचा आकार, घन इंचांत.) घरी येऊन ब्लॉकच्या मागच्या बाजूचं ग्रीस पुसलं, टॉर्च मारला, तर ओतीव अक्षरांत ५००५५७. हा सत्तरच्या दशकातल्या उत्तरार्धाचा ब्लॉक, पॉन्टियाकवाल्यांत कमकुवत म्हणून बदनाम. ६७ च्या मॅन्युअल गाडीचा ३३५ अश्वशक्तीचा ब्लॉक असता तर पुढच्या बाजूला 'डब्ल्यूटी' ठोकलेलं असायला हवं होतं. गॅरेजच्या जमिनीवर पाच मिनिटं तसाच उताणा पडून राहिलो. पुढे १९६८ च्या भंगारातल्या पॉन्टियाक कॅटलिनाचा ४०० मिळाला, आता तोच आहे. आकार तोच, घराणं तेच, पण गाडीचा सख्खा नाही.

बे_एरियाचा_बंड्या

मग इंजिन दत्तक, पत्रा नवा, ब्रेक नवे. उरलं काय? टनेल! म्हणूनच कापू नका. ६७ ला ८१,७२२ जीटीओ बनल्या. त्यातल्या किती गंजल्या, किती ठोकल्या, किती चिरफाड होऊन 'अपग्रेड' झाल्या. ब्रेक उद्या परत ड्रम करता येतील, इंजिन परत बदलता येईल. कापलेला पत्रा परत येत नाही. मी स्वतःच्या ७० च्या शेव्हेलला रेडिओसाठीसुद्धा भोक पाडलेलं नाही.

डिझेलदादा

बंड्या, तुम्ही गाडी चालवता की पूजा करता? (हलके घ्या.)

आमची कॉन्टेसा, १९९३. भारतातली मसल कार (साध्या गाडीत दांडगं इंजिन) म्हणायचे तिला. आतमध्ये व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा सांगाडा, सुरुवातीच्या गाड्यांना अँबॅसेडरचं दीड लिटरचं इंजिन. म्हणजे पैलवानाच्या अंगात कारकुनाचं काळीज. मी वडिलांच्या गाडीत इसुझूचं डिझेल इंजिन टाकून घेतलं. वडील महिनाभर बोलले नाहीत. नंतर कोल्हापूरला जाताना खंबाटकी तिसऱ्यात चढली, तेव्हा म्हणाले, "बरंय." बस, एवढंच.

कापा.

थोडं_थांबा

मूळ मुद्दा कुणीच विचारत नाहीये. ॲव्हरेज किती देते? आणि साडेसहा लिटरचं इंजिन घेऊन दूध आणायला जाणं या काळात कितपत योग्य वाटतं?

नोव्हीकर

@थोडं_थांबा, गॅलनला अकरा मैल. म्हणजे लिटरला पावणेपाच किलोमीटर. पण चालते वर्षाला आठशे मैल. ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट आहे. मिशिगनमध्ये ती गाडी प्रदर्शन, मिरवणूक, क्लबचे कार्यक्रम यांनाच काढायची, फक्त ऑगस्टभर कुठेही न्यायची मुभा. थोडक्यात, आमची शेळी श्रावणातच चरायला सुटते.

दूध बायको आणते. टेस्लातून.

कुंपणावरचा

वर्षाला आठशे मैल, आणि हायवेला इंजिन ओरडतं म्हणून एवढा खर्च? तेवढ्या पैशात कानात घालायचे बोळे आयुष्यभर येतील.

सुगरण_नाही

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्याकडे ६६ ची मस्टँग आहे, नवऱ्याची, सहावं वर्ष. कापायचं की नाही हे तुमचं तुम्ही बघा, पण घरातल्या माणसाला 'झालंच आता, दोन महिने' असं सांगू नका. एक तारीख सांगा आणि ती चुकवा, चालेल. पण 'झालंच आता' नको.

आणि एक किस्सा. दिवाळीच्या आठवड्यात नानकटाईसाठी ओव्हन उघडला तर आत दोन व्हॉल्व्ह कव्हरं. इंजिनाचा रंग म्हणे २०० अंश फॅरनहाइटला भाजला की टिकतो. दोन तास भाजले होते. रंग टिकला. नानकटाईला त्या वर्षी थिनरचा वास होता, नंतर मी त्याला गॅरेजसाठी वेगळा जुना ओव्हन घेऊन दिला. आता तो ओव्हन त्याच्या गाडीपेक्षा जास्त चालतो.

पेठी_पाना

@सुगरण_नाही, प्रतिसाद आवडला. दुकानात बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली, "बघा, तिकडेही हेच."

चिंतन_चकली

धागा रोचक. अवांतर: जीटीओ ही पहिली मसल कार असं सगळीकडे लिहितात ते चूक आहे. १९४९ ची ओल्डस्मोबिल रॉकेट ८८ बघा. हलकी बॉडी, मोठं व्ही-८ इंजिन. पंधरा वर्षं आधी.

बे_एरियाचा_बंड्या

@चिंतन_चकली, मिसळीचा शोध कुणी लावला असा वाद घालण्यासारखं आहे हे. फरसाण आधीपासून होतं, उसळ आधीपासून होती. एका ताटलीत घालून, नाव देऊन, गाडा लावला तो खरा. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन नको. पॉन्टियाकमध्ये तेव्हा जॉन डिलोरियन मुख्य अभियंता. त्यांनी नियमातली फट शोधली: नवं मॉडेल म्हणून नाही, ऑप्शन म्हणून ३८९ घन इंचांचं इंजिन टाकू. १९६४ ला पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज, खपल्या ३२,४५०. मग बाकीच्यांनी गाडे लावले.

चिंतन_चकली

मिसळीचं पटलं. पण नावही फेरारीकडून उचललेलं होतं, हे नमूद करतो आणि थांबतो.

डिझेलदादा

रंग कुणाकडून केलात? आमच्याकडे पेंटर मंडळी 'मंगळवारी या' म्हणतात, कुठला मंगळवार ते सांगत नाहीत.

नोव्हीकर

@डिझेलदादा, जखमेवर मीठ. मिशिगनचंच.

दुकानाचं नाव घेत नाही. बोली होती चार महिन्यांची, गाडी चौदा महिने तिथे. सुरुवातीलाच त्यांनी बॉनेट वाळूच्या फवाऱ्याने साफ केलं. सपाट मोठ्या पत्र्यावर जोरात वाळू मारली की पत्रा ताणला जातो, लाटा येतात. दिवसा कळत नव्हतं. संध्याकाळी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटवर बघितलं तर ट्यूब नागमोडी. मी काही बोललो नाही, नुसता त्या प्रतिबिंबाकडे बोट करून उभा राहिलो. मालकही पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "लांबी भरू." म्हटलं, इतकी वर्षं मी याच्यातून लांबी काढतोय. बॉनेट दुसरं घेतलं, स्वतः कागद मारून साफ केलं. रंग मूळचाच, टायरॉल ब्लू.

गॅसकिट_गजानन

इंजिन दुसऱ्यांदा का उतरवलं? विचारू नका म्हणालात म्हणून विचारतोय.

नोव्हीकर

@गॅसकिट_गजानन, वाटलंच.

जुन्या पद्धतीचा सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवा टाकला की पहिल्यांदा सुरू करताना इंजिन आयडलवर (मंद, जागच्या जागी) ठेवायचं नाही. २००० ते २५०० वर सलग वीस मिनिटं चालवायचं, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांना घासून बसतात. तेलही जस्तवालं लागतं, आताच्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं. सगळं वाचलं होतं. तेल आणलं होतं. एप्रिलची सकाळ, शटर वर, शेजारचे दोघं कॉफीचे मग घेऊन उभे, मुलगी घड्याळ लावून. पहिल्या फटक्यात सुरू झालं. तो आवाज काय सांगू. गॅरेजच्या फळीवरचे नटबोल्टचे डबे आपोआप सरकायला लागले.

चौथ्या मिनिटाला रेडिएटरची वरची नळी निसटली. क्लॅम्प बसवला होता, आवळायचा राहिला होता. गरम हिरवं पाणी छतापर्यंत. बंद केलं, नळी लावली, पाणी भरलं, परत सुरू केलं आणि तिथे गाढवपणा केला. आता काही गळतंय का ते बघायला पाच-सात मिनिटं आयडलवर ठेवलं. आठवड्याने तेल काढलं तर उन्हात चमकत होतं, चंदेरी पेन्ट घातल्यासारखं. कॅमचे दोन लोब (उंचवटे) झिजून गुळगुळीत. परत सगळं खाली. दुसऱ्या वेळी रोलर कॅम टाकला, त्याला ही घासाघिशीची भानगड नाही. महाग आहे, पण दोनदा इंजिन उतरवण्यापेक्षा स्वस्त.

गॅसकिट_गजानन

शेळी जाते जिवानिशी आणि कुंपणावरचा म्हणतो, कानात बोळे घाला.

कुंपणावरचा

उंटावरून शेळ्या हाकणं हेच माझं काम आहे. नावच बघा.

पुणेरी_पाटी

भारतातला मुद्दा सांगतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, वीस हजार रुपये शुल्क, नोंदणी दहा वर्षांची. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. आणि ती रोज चालवायचीही नाही. तेव्हा नोव्हीकर, शेळी इकडे आणायचा विचार असेल तर ग्राइंडर खाली ठेवा.

डिझेलदादा

म्हणजे आमची कॉन्टेसा पन्नाशीची होईल तेव्हा तिला कागदावर म्हातारपण मिळणार नाही. वडिलांना सांगत नाही.

हलका_हातोडा

ओहायोहून. उशिरा वाचला धागा. नोव्हीकर, तुमची खडूची रेघ पुसा. दोन गोष्टी.

एक, हायवेचा आवाज एवढाच त्रास असेल तर डिफरन्शियलचे गिअर ३.०८ चे टाका. ७० ला इंजिन २७०० च्या थोडं वर राहील. म्युन्सी तसाच, काहीही कापायचं नाही, उद्या परत ३.५५ लावता येतात. सिग्नलवरून निघतानाचा धक्का मात्र कमी होईल.

दोन, टीकेओ बंदच झाला आता. त्याच्या जागी ट्रेमेकने टीकेएक्स आणला, तो मुद्दाम अशा जुन्या गाड्यांसाठी आटोपशीर केलाय, वरचा भाग बसका आहे. माझ्या ६६ च्या लमाँसमध्ये बसवला, म्हणजे तुमच्याच टनेलमध्ये. कापलं नाही. आतून दोन ठिकाणी हातोडीने पत्रा जरा वर घ्यावा लागला, कार्पेट घातल्यावर देवालाही कळणार नाही. तुमचा टीकेओ खोक्यात न वापरलेला आहे ना? विका. ज्यांची टनेलं आधीच कापलेली आहेत असे लोक शोधतच असतात.

बे_एरियाचा_बंड्या

+१. हातोडी चालेल. हातोडीचं पाप मी माझ्या डोक्यावर घेतो.

नोव्हीकर

@हलका_हातोडा, पाच वर्षं खोकं पडून राहिलं आणि दरम्यान त्याचा धाकटा भाऊ जन्मला, हे मला माहीतच नव्हतं! ३.०८ चाही विचार केला. पण सिग्नलवरचा तो धक्का बसला की मुलगी जे खिदळते त्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. टीकेओ विकायला काढतो. आळशीपणाचा इतका फायदा आयुष्यात झाला नव्हता.

कार्पेट काढताना मागची सीटही काढली. स्प्रिंगांत उंदराचं घरटं. हात घातला तर कापूस, अक्रोडाची टरफलं आणि पिवळ्या कागदाच्या चिंध्या. चिंध्यांवर छापील चौकटी दिसल्या म्हणून टेबलावर जुळवत बसलो. कारखान्यातली बिल्ड शीट! कुठली गाडी, कुठले पार्ट लावायचे ते कामगारांना कळावं म्हणून असायची ती. अर्धी उंदराने खाल्लीये. रंगाची चौकट आहे, गिअरबॉक्सची आहे. इंजिनाची नेमकी खाल्ली.

गॅसकिट_गजानन

उंदीर हुशार. पुरावा नष्ट केला.

सुगरण_नाही

त्या चिंध्या फ्रेम करा. आणि बायकोला तारीख सांगा.

नोव्हीकर

दहा महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. बरेच जण व्यनितून (खासगी निरोपातून) विचारत होते.

टीकेओ इंडियानाच्या एका गृहस्थाने नेला. त्याच्या गाडीचं टनेल आधीच्या मालकाने कापून ठेवलं होतं, तो इतका खूश की जाताना मक्याची कणसं देऊन गेला. टीकेएक्स हिवाळ्यात बसवला. हातोडी दोन नाही, तीन ठिकाणी लागली. पत्रा अखंड आहे, खडूची रेघही तशीच ठेवलीये, कार्पेटखाली. बायकोला ३१ मे सांगितली होती, १२ जुलैला गाडी बाहेर निघाली. तिने ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय.

हायवेला नेली. पाचवा टाकला, इंजिन दोन हजारावर आलं आणि पहिल्यांदाच खिडकीच्या रबराचा आवाज ऐकू आला. आता तो बदलायचाय.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९५ पासून भरतंय, फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा. रस्त्याकडेला लोक खुर्च्या टाकून बसलेले. आई यंदा इकडे आली होती, ती शेजारच्या सीटवर, मांडीवर डब्यात थालीपीठं. पुढे एक डॉज चार्जर, मागे एक कॅमरो, सगळे गोगलगायीसारखे. मुलगी मागून दर पाच मिनिटांनी विचारतेय, "बाबा, पाचवा कधी टाकणार?"

चार तास. दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

थोडं_थांबा

चार तास दुसऱ्यात? मग ॲव्हरेज?

नोव्हीकर

@थोडं_थांबा, त्या दिवशी मोजलं नाही. आई बाजूला होती.

कुंपणावरचा

आई काय म्हणाल्या?

नोव्हीकर

"शेळी बरी आहे. पण एसी नाही."

पुढच्या हिवाळ्याचं काम ठरलंय. कॉम्प्रेसर कुठला घ्यावा, जाणकारांनी प्रकाश टाकावा.